थोरलीच्या मशीनची कलमं

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. भिंती बांधणारा नव्हे, सुतारकाम करणाराही नव्हे, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. पण ज्याच्या खिशात बारमाही स्क्रूड्रायव्हर असतो आणि जो तक्रार ऐकण्याआधी यंत्राला कान लावतो, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर असा तो एकेक झाकण उघडत आला होता. शिकवायला कुणी बसलं नव्हतं. एक गोष्ट मात्र त्याने पहिल्यापासून पाळली होती. यंत्राबद्दल तो खोटं बोलत नसे. जे बिघडलं तेच बिघडलं म्हणायचं, आणि कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं.

काम होतं एका टायपिंगच्या ऑफिसात. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, औषधांच्या गोदामावर एक लांबट खोली. खिडकीतून हॉस्पिटलची मागची भिंत दिसायची, तिच्यावरून उतरणारे पाइप दिसायचे आणि पाइपांवर अंग फुगवून बसलेली कबुतरं. डॉक्टर तिकडे रोग्याला तपासून जे दिसलं ते बोलून ठेवत, आणि इकडे बायका कानाला हेडफोन लावून ते टाइप करत. “फुप्फुसं स्वच्छ. हृदयाचा आकार नेहमीसारखा. यकृत किंचित वाढलेलं.” दिवसभर त्या खोलीत कुणाकुणाची आतडी-काळजं टकटक वाजत अक्षरांत उतरायची, आणि मध्येच एखादी हेडफोन सरकवून शेजारणीला विचारायची, “तुझ्या पोराच्या खोकल्याला काय दिलंस गं?”

दोघी बहिणी त्या खोलीत कामाला होत्या. मोठी ती थोरली आणि लहान ती धाकटी. घरची हाक ऑफिसातही तशीच चिकटली होती. थोरली ही मिस्त्रीची बायको.

थोरलीसारखा हात कुणाचा नव्हता. तिने स्वतःसाठी एक पायडल आणलं होतं. शिवणयंत्राला असतं तसंच, पण छोटं, वायरने कॉम्प्युटरला जोडलेलं. पाय दाबला की डॉक्टर बोलायचा, पाय उचलला की गप्प. टाच दाबली की मागचं वाक्य पुन्हा. बाकीच्या बायका त्यासाठी बटणं दाबत आणि तिला हसत.

“डॉक्टरला पायाखाली ठेवलाय हिनं,” दोघी बहिणींच्या मधल्या टेबलावरची मावशी म्हणायची. ही मावशी नात्याने कुणाचीच नव्हती, पण वयाने सगळ्यांची होती. “नवऱ्यालाही असंच पायडल लावलंयस का गं?”

“त्याला कशाला?” थोरली म्हणायची. “तो मुळात बोलतोय कुठे!”

थोरली गेली. आजार लांबलासुद्धा नाही. तिचा शेवटचा रिपोर्ट याच खोलीत आला आणि कामाच्या वाटणीत नेमका धाकटीच्या कानात पडला. धाकटीने तो शेवटपर्यंत टाइप केला, एका शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, पाठवून दिला आणि मशीन बंद करून ती उठली. त्याबद्दल ती पुढे कुणाशी बोलली नाही. कुणी विचारलंही नाही.

मिस्त्री लवकरच कामावर आला. घरात करायचं काय? त्याला रडू येत नव्हतं. भूक लागली की जेवायचा, झोप आली की निजायचा. दाढी करताना आपला गाल दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाटायचा, एवढंच. लोक म्हणाले, मिस्त्री घट्ट आहे. घट्ट होता की नाही, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. गाळाने तळ भरलेल्या विहिरीत दगड टाकला तर जसा आवाज होत नाही, तसं त्याचं झालं होतं.

तशात नवी मशीन्स आली. मिस्त्रीची एक जुनी पद्धत होती. प्रत्येक मशीन वेगळं मांडत बसायचं नाही. जे सगळ्यांत शहाणं, जे कधी कुरकुर करत नाही, ते एक मशीन निवडायचं आणि त्याच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल बाकीच्यांवर उतरवायची. बागवान एका चांगल्या झाडाची कलमं करतो ना, तसं. आणि त्या खोलीत सगळ्यांत शहाणं मशीन कुठलं, याबद्दल दुमत नव्हतं. थोरलीचं मशीन कधी अडलं नव्हतं. मिस्त्रीने त्याचीच कलमं केली. डिस्क लावायची, नक्कल होईपर्यंत खिडकीतली कबुतरं बघायची, डिस्क काढायची, पुढचं मशीन. त्या कामात त्याला फार बरं वाटलं असं नाही, वाईटही वाटलं नाही. हात चालत होते.

आणि मग निळी सुरू झाली.

काम अर्ध्यावर असताना पडदा एकाएकी निळा व्हायचा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत माफी मागितल्यासारखं काहीतरी यायचं आणि मशीन मरायचं. अर्धा टाइप केलेला रिपोर्ट जायचा तो जायचाच. बायका तिला निळी म्हणायला लागल्या. “निळी आली गं!” अशी हाळी उठली की कुठल्या टेबलावरून उठली हे बघावंसुद्धा लागत नसे. दुसऱ्या कुणाकडे ती क्वचित यायची. धाकटीकडे रोज यायची, आणि एकदा येऊन तिचं भागायचं नाही.

मिस्त्रीने रीतसर सगळं केलं. मरताना मशीन एक छोटी फाइल मागे ठेवतं, कुठे पाय घसरला ते सांगणारी. ती त्याने उघडली. एकदा तिने आवाजाच्या भागाकडे बोट दाखवलं, एकदा कीबोर्डकडे, एकदा थेट सिस्टिमच्या गाभ्याकडे. गर्दीत कुणीतरी ढकलावं आणि पडणाऱ्याने समोरच्याचंच नाव घ्यावं, तशातली गत. त्याने आवाजाचं कार्ड बदललं, कीबोर्ड बदलला, मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. निळी हटेना. शेवटी त्याने प्रत्येक दुरुस्तीवाला करतो ते केलं. अदलाबदल. धाकटीचं मशीन मावशीला दिलं आणि मावशीचं धाकटीला.

दुसऱ्या दिवशी मावशीकडे काही झालं नाही. निळी धाकटीच्या मागोमाग नव्या मशीनवर आली.

ऑफिसचे साहेब खोलीच्या दाराशी उभे राहून हे बघत होते. माणूस वाईट नव्हता, पण हॉस्पिटलचे फोन त्यालाच घ्यावे लागत. “मिस्त्री,” ते म्हणाले, “आता तुम्हीच सिद्ध केलंत. खोट मशीनमध्ये नाही, माणसात आहे. बाईंचं लक्ष नाही, भलतीच बटणं दाबली जातात. दुःख आहे, मला समजतं. पण तिकडे रोगी रिपोर्टसाठी खोळंबतो. पुढच्या आठवड्यातही हेच राहिलं तर मला त्यांच्या जागी दुसरी बाई बघावी लागेल.”

हे ते धाकटीच्या देखत म्हणाले. धाकटी पडद्याकडे बघत राहिली. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. काय बोलायचं ते त्याला सुचलं नाही, आणि न सुचल्याचं वाईटही वाटलं नाही.

घरी त्याच्यासोबत त्याची सासू राहायची. थोरली होती तेव्हा आईला मुलीकडे राहण्यात काही विशेष नव्हतं. आता जावई आणि सासू एका घरात का आहेत, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. कुणी जा म्हटलं नाही, म्हणून ती होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने त्याच्यापुढे कप ठेवला.

“जावईबापू, धाकटीला काढणार म्हणे.”

“हं.”

“हं काय? ती भलती बटणं दाबते?”

“माहीत नाही, आई.”

“माहीत नाही की बघितलं नाहीत?” म्हातारीचा आवाज चढला नाही. “ती एकटा जीव. सकाळी उठायला तिला ते ऑफिस आहे, दुसरं काही नाही. एक गेली ती आपल्या हातातली नव्हती. हिची खुर्ची तरी तुमच्या हातातली आहे का, तेवढं बघा.”

मिस्त्रीने कप संपवला, धुऊन पालथा घातला आणि चपला घातल्या.

रिकामं ऑफिस त्याने कधी नीट पाहिलं नव्हतं. खुर्च्यांच्या पाठींवर बायकांच्या शाली, टेबलांवर हेडफोन उताणे. तो धाकटीच्या खुर्चीत बसला. तिचे हेडफोन लावून त्याने जुने रिपोर्ट टाइप केले, फायली उघडल्या, मिटवल्या. मुद्दाम भलती बटणं दाबली, दोन्ही तळवे कीबोर्डवर आपटले. निळी आली नाही. साहेबांचं म्हणणं तिथेच खोटं पडलं होतं, पण खरं काय ते अजून हाती नव्हतं.

मग त्याला आणखी काय करावं ते सुचेना. हात मांडीवर पडले. समोर डॉक्टरचं अर्धं वाक्य होतं, “डाव्या बाजूला सावली,” एवढंच. त्या वाक्याकडे बघत तो बसून राहिला. विचार करत होता असं नाही. खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेवरून खाली सरकलं, पाइपावरची कबुतरं उठून गेली, परत आली. पडदा काळा झाला तरी त्याच्या ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा त्याने सवयीने माउस हलवला.

पडदा निळा झाला.

मिस्त्री खुर्चीत सरळ झाला. मशीन पुन्हा सुरू करून तो हात न लावता बसला. पडदा काळा. माउस हलवला. निळी. पुन्हा तेच. साहेबांना विजेची फार काळजी. खुर्ची सोडायची तर मशीन बंद करूनच सोडायचं, आणि कुणी हात लावला नाही तर मशीन थोड्याच वेळात आपोआप निजलं पाहिजे, ही त्यांची ताकीद. निजलेलं मशीन जागं होताना मरत होतं.

आता ड्रायव्हर म्हणजे काय, ते सांगायला हवं. कॉम्प्युटरला जे जे जोडलेलं असतं, त्या प्रत्येकाची भाषा निराळी. म्हणून प्रत्येकासाठी एक दुभाषी आत बसवलेला असतो, तो ड्रायव्हर. मशीन जागं झालं की हे सगळे दुभाषी उठून आपापल्या वस्तूला हाक मारतात. यातलाच कुणीतरी एक उठताना दुसऱ्यावर पाय देत होता. सिस्टिममध्ये अशा दुभाष्यांवर पहारा बसवायची सोय असते. पहारा असला की जो जिथे चुकेल तिथेच धरला जातो, शेजाऱ्याचं नाव घ्यायला त्याला सवड मिळत नाही. मिस्त्रीने पहारा बसवला, मशीन निजू दिलं आणि जागं केलं.

निळ्या पडद्यावर या वेळी एका फाइलचं नाव आलं. आवाजाची नव्हती, कीबोर्डची नव्हती. त्याने ती शोधून काढली, कुणी बनवली ते वाचलं.

पायडलचा ड्रायव्हर होता.

धाकटीच्या टेबलाखाली पायडल नव्हतं. कुणाच्याच टेबलाखाली नव्हतं, एक सोडून.

तो उठून कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला. थोरलीचं जुनं मशीन तिथे होतं. त्यावर कुणी बसत नसे आणि ते हलवा असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्याने ते सुरू केलं. निजू दिलं, जागं केलं. शहाण्यासारखं जागं झालं. मग तो गुडघ्यांवर बसला, टेबलाखाली वाकला. पायडलवर टाचेच्या जागी रंग उडाला होता. त्याने वायर धरली आणि उपटली. वर येऊन मशीन निजण्याची वाट पाहिली. माउस हलवला.

निळी आली.

हाकेला ओ देणारं कुणी नसलं की तो ड्रायव्हर भलत्याच जागी हात घालत होता. थोरलीच्या मशीनवर पायडल कायम जोडलेलं, म्हणून ते शहाणं. आणि मिस्त्रीने त्याची कलमं केली, पण पायडल काही सगळीकडे गेलं नाही. दुभाषी मात्र सगळीकडे गेला. हे आपल्या हातून झालं, एवढं त्याला स्वच्छ कळलं. काचेपलीकडचं कळावं तसं.

मग एकामागून एक मशीन उघडून त्याने तो ड्रायव्हर काढला. नवं कलम करताना जेवढा वेळ लागला होता त्याहून कमी लागला. शेवटी थोरलीच्या मशीनमधूनही काढला. पायडलची वायर गुंडाळून त्याने ते कपाटात, जुन्या माउसच्या ढिगात ठेवलं. आणि कुलूप लावताना एकदम त्याच्या ध्यानात आलं ते वेगळंच.

निळी यायला मशीन निजावं लागतं. निजायला कुणीतरी समोर बसूनही हात न लावता राहावं लागतं. बाकीच्या बायकांचं असं कधीमधी होई, साहेबांशी बोलताना, मुलाचा फोन आला की. धाकटीचं दिवसातून कितीदा होत होतं! साहेबांना वाटत होतं, ती भलती बटणं दाबते. ती कुठलंच बटण दाबत नव्हती.

हे साहेबांना सांगितलं तर मशीन सुटलं असतं आणि धाकटी अडकली असती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. बायकांनी एकेक कान हेडफोनमधून बाहेर काढला होता.

“म्हणजे तुमच्या हातून झालं?”

“हो. जे मशीन घेतलं त्यात पायडलचा ड्रायव्हर होता. तो बघायला हवा होता. बघितला नाही.”

साहेबांनी कपाळ चोळलं. बायको गेलेल्या माणसाला काय बोलणार! “ठीक आहे. पण मिस्त्री, ड्रायव्हर सगळीकडे होता ना? मग निळी धाकटीच्याच मागे का? मशीन बदललं तरी मागोमाग गेली. मी स्वतः बघितलं.”

धाकटी मान खाली घालून बसली होती.

“तिचा हात फार जोरात चालतो,” मिस्त्री म्हणाला. “एक फाइल मिटते न मिटते तोच दुसरी उघडते. तो ड्रायव्हर असा कच्चा, त्याला तेवढं झेपत नव्हतं.”

सरळ, सपाट आवाजात त्याने ते सांगितलं. आयुष्यात यंत्राबद्दल बोललेलं हे पहिलं खोटं, आणि ते बोलताना त्याची पापणी हलली नाही. साहेबांनी मान डोलावली. मिस्त्री म्हणतोय म्हणजे तसंच असणार. ते धाकटीच्या टेबलापाशी गेले. “बाई, मी बोललो ते मनावर घेऊ नका. आता निळी नाही. होऊ द्या जोरात. मागचे रिपोर्टही भरून काढा म्हणजे झालं.”

साहेब गेल्यावर मावशी आपल्या पडद्याकडे बघतच पुटपुटली, “जोरात म्हणे! हिच्या बोटांवर कबुतर येऊन बसलं तरी उडायचं नाही.”

“मावशी,” मिस्त्री म्हणाला.

“मी काही बोलले का? माझे कान डॉक्टरकडे आहेत. मूत्रपिंडाचं चाललंय.”

चहाच्या सुट्टीत बायका खाली उतरल्या. धाकटी मशीन बंद करून मिस्त्रीच्या कामाच्या टेबलाशी आली. तिथे मशीनमधून काढून उघडलेला एक पंखा होता, त्याची धूळ तो ब्रशने झाडत होता.

“भाऊजी, खोटं कशाला बोललात?”

“काय खोटं?”

“मी जोरात टाइप करत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. मी तर नुसती...”

“पडदा काळा होईपर्यंत बसतेस.”

“मावशीनं सांगितलं?” धाकटीने विचारलं.

“कुणी नाही. काल मी तुझ्या खुर्चीत बसलो होतो.”

“मग?”

“मग काही नाही. नुसता बसलो होतो. निळी आली तेव्हा कळलं की बसलोय.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. थोरली गेल्यापासून दोघांनी एकमेकांकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. नाकाची ठेवण दोघी बहिणींची सारखीच होती, हे मिस्त्रीला दिसलं. दिसलं, आणि आत काही हलायची त्याने वाट पाहिली. काही हललं नाही.

“निळी आली की मी दचकायचे तरी,” धाकटी म्हणाली. “ओरडा बसायचा, मग पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचं. आता ते पण नाही. आता नुसता काळोख होणार.”

“कळलं नाही” असं म्हणायची त्याची सवय होती, पण इथे ते लागू पडेना. त्याने ब्रश खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“आईला सांगू नका,” ती म्हणाली.

“तिनंच पाठवलं होतं मला.”

“असं होय,” धाकटी म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

दुपारी कामाचा जोर होता. हॉस्पिटलकडून रिपोर्टवर रिपोर्ट येत होते आणि साहेब काचेच्या दारामागे फोनवर कुणाला तरी “आता अडचण नाही, आता सगळं सुरळीत” असं सांगत होते. मिस्त्रीने पंख्यावरून मान वर केली. धाकटीची बोटं कीबोर्डवर होती, पण चालत नव्हती. हेडफोनमध्ये डॉक्टर बोलून थांबला असेल किंवा बोलतच असेल. पडदा काळा झाला. काळ्या पडद्यात तिचा चेहरा अंधुक दिसत होता पण ती तो बघत नव्हती.

उठावं असं मिस्त्रीला वाटलं. पण खुर्चीतून उठून तिथवर जायचं, तिला काहीतरी म्हणायचं, हे सगळं फार लांबचं काम वाटलं.

शेजारच्या टेबलावर मावशी भरभर टाइप करत होती. तिने मान वळवली नाही, टायपिंग थांबवलं नाही. डावा हात तेवढा लांब केला, धाकटीचा माउस जरासा हलवला आणि हात परत आपल्या कीबोर्डवर आणला. धाकटीच्या तोंडावर उजेड पडला. तिने डोळे मिचकावले, टाइप केलेलं शेवटचं वाक्य वाचलं आणि पुढचं टाइप करायला घेतलं.

संध्याकाळपर्यंत मावशीचा हात असा अनेकदा गेला. धाकटीचे रिपोर्ट फार झाले नाहीत, पण झाले ते पुरे झाले, आणि साहेबांनी ते हॉस्पिटलला पाठवले. मिस्त्रीला बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. पंखा जोडून त्याने तो फिरवून पाहिला, कान लावला. आवाज येत नव्हता. मग त्याने पुढचं मशीन ओढून घेतलं आणि त्याचं झाकण उघडलं.